विक्रमापलीकडचे गणपतराव

सांगोल्यातून 11 वेळा विधानसभेवर निवडून गेलेल्या गणपतराव देशमुखांनी 2019 मध्ये वयोमानामुळे निवडणूक लढविली नाही. 30 जुलै 2021 रोजी ते निवर्तले. दोन्ही प्रसंगी त्यांच्या विक्रमाचे कौतुक झाले. परंतु कार्यकर्त्यांनी ध्यानी ठेवावयास हवेत ते 1972 आणि 1995 मधील त्यांचे पराभव. 1974 च्या पोटनिवडणुकीत आणि 1999 मध्ये ते त्याच मतदारांपुढे शेतकरी कामगार पक्षाचाच लाल बावटा घेऊन उभे राहिले. सत्तेकडे जाणाऱ्या वाटेवर सहकाऱ्यांची रीघ लागली असतानाही आबासाहेब जागचे हलले नाहीत.

एस.टी.ने प्रवास करणारा आमदार म्हणून त्यांची ख्याती झाली. पण साधेपणा हे त्यांचे साध्य नव्हते. नागनाथअण्णा नायकवडींसमवेत त्यांनी दुष्काळी तालुक्यांच्या हक्काच्या पाण्यासाठी लढा उभारला. पाण्याविना ओस पडणाऱ्या शिवारांतील तरुण कुरुळी-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबतात. म्हणूनच शेताचे पाणी आणि कामगाराची भाकरी हे प्रश्न वेगळे नाहीत. ते एकत्र लढविणे, हीच आबासाहेबांना खरी मानवंदना.