नाव चौकाला, घर इतिहासाला

स्वारगेटला एस.टी.तून उतरणाऱ्या पाहुण्याला विचारावे, “हा चौक कुणाच्या नावाचा?” तो बिचारा बॅग सावरीत रिक्षाकडे बोट दाखवील! त्याला दोष कसा द्यावा? केशवराव जेध्यांचे नाव वाचण्याइतकी उसंत स्वारगेटने कुणाला दिली आहे? २०२४ पासून तर मेट्रो जमिनीखालून येते. माणूस चौकाच्या पोटातूनच निघून जातो.

येथून जवळच, शुक्रवार पेठेत, जेधे मॅन्शन होते. ‘होते’ म्हणावयाचे, कारण ते पाडले गेले. पेठ वाड्यांची आणि घराचे नाव मात्र ‘मॅन्शन’! पुण्यात वाडा म्हटला की पेशवाई डोळ्यांपुढे येते. या घरात जमणाऱ्यांना पेशवाईशी वाद घालायचा होता, तेव्हा वेगळे नाव शोभूनही दिसले.

घर तांब्यापितळेच्या धंद्यातल्या जेधे बंधूंचे. थोरले बाबूराव सत्यशोधक विचारांचे; धाकटे केशवराव (१८९६-१९५९) त्याहून धडाडीचे. ब्राह्मणेतर चळवळीतल्या तरुणांची ऊठबस येथेच. गणेशोत्सवात छत्रपती मेळा गाजविला तो याच मंडळींनी. १९२५ साली केशवरावांनी नगरपालिकेत जोतीराव फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव मांडला. तो फेटाळला गेला. त्याच वर्षी दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ निघाले. टिळक-चिपळूणकरांवरील त्या जहाल पुस्तकापायी जवळकर आणि जेधे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. शिक्षा झाली, १९२६ साली अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती रद्द करून घेतली.

आणि पुढे हेच केशवराव काकासाहेब गाडगिळांच्या हातात हात घालून काँग्रेसमध्ये आले! ब्राह्मणेतर बहुजन समाज स्वातंत्र्यलढ्याकडे वळला, त्यात या जोडीचा वाटा मोठा. स्वातंत्र्यानंतर काँग्रेस सोडून त्यांनी शेतकरी कामगार पक्ष उभा केला, १९५४ साली पुन्हा काँग्रेस गाठली, आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती जन्मली ती त्यांच्याच पुढाकाराने. सहा महिने आधी भांडलेला माणूस सहा महिन्यांनी एका सतरंजीवर बसतो, हे राजकारण त्या पिढीला जमत असे.

जुने घर पाडणे हा काही गुन्हा नव्हे. वासे कुजतात, वारस वाढतात, घरपट्टी कुणाला चुकत नाही. दुरुस्तीला एक पै न देणाऱ्यांनी घरवाल्यांना उपदेश करू नये. पण चौक आणि घर यांत एक फरक आहे. चौकाचे नाव ठरावाने मिळते, म्हणून त्यात सर्वांना रुचेल तेवढेच येते. घरात मात्र भांडणे, बेत, पश्चात्ताप आणि मनोमीलन एकाच छपराखाली नांदतात. घर गेले की माणसाचा वाद जातो. उरते ते गोड नाव.

म्हणून माझी मागणी अगदी माफक. जेथे मॅन्शन होते तेथे चार ओळींची पाटी लावावी, आणि १९२५ साल तिच्यातून गाळू नये. ‘देशाचे दुश्मन’पायी शिक्षा झालेल्या माणसालाच या शहराने पुढे ‘देशभक्त’ म्हटले. पुण्याला अभिमान वाटावा असे यात पुष्कळ आहे. लपविण्यासारखे काही नाही.