स्वस्त झूमला नाक मुरडणाऱ्यांसाठी

"प्लास्टिकची लेन्स आहे रे, हिच्याने कसले पक्षी टिपतोस!" हे ऐकून कान किटले. म्हणणारी मंडळी बहुधा जायकवाडीला दुपारी बाराला पोचणारी. तेव्हा पाण्यावरची तापलेली हवा अशी थरथरते, की महागड्या लेन्सलाही फ्लेमिंगो लिबलिबीतच दिसतो.

कॅननची ५५-२५० एसटीएम (२०१३) बघा. माउंट प्लास्टिकचा, कबूल. म्हणून तर वजन पावणेचारशे ग्रॅम! गळ्यात अडकवून नाथसागराच्या काठाने तासन्‌तास हिंडा.

"संध्याकाळी प्रकाश पुरत नाही" हा दुसरा आरोप. २५० ला अ‍ॅपर्चर ५.६, खरंय. पण हे म्हणणाऱ्याच्या खांद्यावर जी दीड किलोची १००-४०० असते ना, तीही ४०० ला ५.६ च असते. हे मात्र कुणी बोलत नाही.

खरी उणीव पल्ल्याची. क्रॉप सेन्सरवर चौकट ४०० मिमीइतकी दिसते, तरी दूरचा थवा गुलाबी ठिपकेच राहतो. शिवाय स्टॅबिलायझर आपला हात सावरतो, उडत्या पक्ष्याचे पंख नाही. त्याला शटरच वाढवावं लागतं. पण काठालगतचे शेकाटे, बगळे? सकाळी ऊन पाठीशी घ्या, पीस न् पीस मोजता येईल.

आणि हो, ३०० चा आकडा बघून कॅननची जुनी ७५-३०० घेऊ नका. तिला स्टॅबिलायझरच नाही. वाढीव ५० मिमी हाताच्या थरथरीतच जातात, वर ३०० ला चित्र पुसट. स्वस्तातही फरक असतो राव!