राइड बंद पडली, तर त्या पोरावर ओरडू नका

सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरलं की घरात आठवडाभर आधीपासून एकाच राइडचं नाव सुरू होतं. मुलांनी तिचे व्हिडिओ पाहिलेले असतात. वर्गातलं कोणीतरी जाऊन आलेलं असतं. तुम्ही चौघांची तिकिटं काढता, पहाटे उठून निघता, टोल भरता, उन्हात रांग लावता. पुढे वीस-पंचवीस माणसं उरतात आणि नेमकी तेव्हाच घोषणा होते, की तांत्रिक कारणामुळे राइड थांबवली आहे.

राग येतो. येणारच. पैसा घामाचा असतो, सुट्टी मोजकी असते, आणि पोराचं उतरलेलं तोंड बघवत नाही.

त्या रागाचं काय करायचं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे. गेटवरच्या माणसाला तुम्ही त्या वेळी काय म्हणता, याला फार महत्त्व आहे. का, ते आधी समजून घ्या.

रोलर कोस्टरचा रूळ सलग दिसतो, पण त्याचे भाग पाडलेले असतात. एका भागात एका वेळी एकच गाडी. पुढची गाडी तो भाग सोडून गेली, असं सेन्सरकडून कळल्याशिवाय मागची गाडी सुटत नाही. आपली लोकल लाल सिग्नलला थांबते, त्यातलाच हा प्रकार. लोकल थांबली की आपण वैतागतो, पण सिग्नल तोडून गाडी पुढे ने, असं मोटरमनला कोणी सांगत नाही.

सीटवरच्या सेफ्टी बारचंही तसंच. एक जरी बार नीट बसला नसेल तरी गाडी स्टेशन सोडत नाही. ब्रेक तर बहुतेक ठिकाणी असे असतात, की ते उघडायला हवेचा दाब लागतो. दाब गेला की ते आपोआप आवळले जातात. म्हणजे वीज गेली किंवा काही बिघडलं, तर गाडी मोकाट सुटत नाही, ती थांबते. शंका आली की थांबायचं, असंच हे यंत्र घडवलेलं आहे.

आणि शंका यायला कारण मोठंच लागतं असं नाही. सेन्सरवर घाण बसते. कोणाचा मोबाइल खिशातून निसटून रुळाजवळ पडतो. कोणाला उलटी होते आणि सीट धुवावी लागते. वारा वाढतो, पाऊस येतो, वीज कडकडते. बाहेर मात्र या सगळ्याला ‘तांत्रिक कारण’ हे एकच नाव मिळतं. मला हे पटत नाही. लोकांना खरं कारण साध्या शब्दांत सांगितलं, तर निम्मी भांडणं होणारच नाहीत. पार्क चालवणाऱ्यांनी एवढं करायलाच हवं.

खोपोलीजवळच्या इमॅजिकात 2013 पासून नायट्रो नावाचा रोलर कोस्टर आहे. उंची सुमारे 40 मीटर, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीएवढी. वेग ताशी 105 किलोमीटरच्या आसपास. पाय हवेत लोंबकळत असतात. अशा उंचीवर आणि अशा वेगात तुमचं लेकरू बसलेलं असताना, यंत्राला शंका आली तर त्याने काय करावं, असं तुम्हाला वाटतं?

आता इंग्लंडमध्ये काय घडलं ते ऐका. तिथल्या ऑल्टन टॉवर्स या मोठ्या पार्कात ‘स्मायलर’ नावाचा रोलर कोस्टर आहे. 2 जून 2015 रोजी त्यात बिघाड झाला. तंत्रज्ञ आले, दुरुस्ती झाली, रिकामी गाडी चाचणीसाठी सोडली गेली. ती गाडी वाटेतच अडकून राहिली आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या मागे 16 माणसांनी भरलेली गाडी चढावर उभी होती. पुढचा भाग मोकळा नाही म्हणून यंत्रणेने ती थांबवून धरली होती. यंत्रणेचं बरोबर होतं. पण कर्मचाऱ्यांना वाटलं, तीच चुकते आहे. त्यांनी तिचा अडसर बाजूला सारून गाडी पुढे सोडली.

भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना आपला एकेक पाय गमवावा लागला. आणखीही काही जण गंभीर जखमी झाले. गाडी जमिनीपासून वर अडकलेली, त्यामुळे सगळ्यांना सोडवायला कित्येक तास लागले. पुढच्या वर्षी न्यायालयाने कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड केला.

तिथे रांगेतल्या लोकांनी दबाव आणला होता, असं मी म्हणत नाही. पण थांबलेली गाडी ‘यंत्रच चुकतंय’ म्हणून पुढे ढकलली की काय होतं, ते तिथे दिसलं. म्हणून सांगतो, गेटवर घाई करणारा आवाज आपला असू नये.

अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळची गोष्ट तर आपल्या शेजारची. जुलै 2019 मधल्या एका रविवारी झोक्यासारखी वर-खाली जाणारी राइड माणसांसकट तुटून पडली. दोघांचा जीव गेला, कितीतरी जण जखमी झाले. त्या रविवारी ती राइड बंद असती तर लोक चिडले असते, दोन शब्द बोलले असते आणि संध्याकाळी धडधाकट घरी गेले असते.

तेव्हा राइड बंद पडली की पहिलं हे करा. गेटवर जो मुलगा किंवा मुलगी उभी आहे, तिच्याकडे नीट बघा. विशी-बाविशीचं पोर असतं. बिघाड त्याने केलेला नसतो आणि राइड सुरू करायचा निर्णयही त्याच्या हातात नसतो. तो तंत्रज्ञ घेतात. हे पोर फक्त शिव्या खायला पुढे उभं असतं. त्याच्या आईने ते पाहिलं तर तिला कसं वाटेल, तेवढं मनात आणा.

‘पैसे भरलेत, चालू करा’ हे वाक्य तोंडातून काढू नका. त्याऐवजी शांतपणे विचारा. बिघाड आहे की हवामानामुळे थांबवलंय? चाचणी सुरू झाली का? आम्ही बाजूला झालो तर रांगेतली जागा राहील का, की काही पास मिळेल? ज्याच्यावर सगळे ओरडत असतात, तो नीट बोलणाऱ्याला खरं उत्तर देतो.

मग वर बघा. रिकाम्या गाड्या फिरताना दिसल्या तर काम शेवटाकडे आलंय असं समजा. तरी एका फेरीवर ते थांबणार नाहीत, बऱ्याच मारतील. मारू द्या. रुळाच्या जिन्यावर माणसं हत्यारं घेऊन बसलेली दिसली, तर मात्र तिथे उभं राहू नका. दुसरीकडे जा, तासा-दोन तासांनी परत चक्कर मारा. वीज चमकत असेल तर पाऊस थांबल्यावरही लगेच राइड सुरू होत नाही, हेही लक्षात ठेवा.

थांबायचं ठरवलंत तर मनाशी वेळ ठरवा. अर्धा तास म्हटलं की अर्धाच तास. ‘एवढा वेळ उभे राहिलो, आता सोडायचं कसं’ या हट्टापायी लोक अख्खी दुपार एका कठड्याला टेकून घालवतात. तेवढ्यात बाकीच्या चार राइड करून झाल्या असत्या. लहान मूल किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्यांना आधी सावलीत बसवा, पाणी द्या. उन्हात घेरी आली तर राइड बाजूला राहते आणि दवाखाना शोधावा लागतो.

तुम्ही आत बसलेले असताना गाडी मध्येच थांबली तर? हे नीट वाचा आणि मुलांनाही वाचून दाखवा. बसून राहा. बारला हात लावू नका, पट्टा सैल करू नका. गाडीची चाकं रुळाला वरून, बाजूने आणि खालून अशी तिन्हीकडून धरून असतात. त्यामुळे ती रूळ सोडून खाली पडत नाही. डोकं मागे टेकवा, श्वास सावकाश घ्या. शेजारचं पोर घाबरलं असेल तर त्याच्याशी बोलत राहा. त्याला शाळेचं विचारा, घरच्या मांजराचं विचारा. कोणाला चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल, तर मोठ्याने ओरडून सांगा. तिथे लाजू नका.

उतरवायचं ठरलं तर कर्मचारी तुमच्यापर्यंत येतील. ते सांगतील तेव्हाच उठायचं, सांगतील त्याच जिन्याने एकामागून एक उतरायचं. व्हिडिओ काढायला मोबाइल बाहेर काढू नका. वरून सुटलेला मोबाइल खालच्या माणसाच्या डोक्यात जातो. खरं तर बसायच्या आधीच तो लॉकरमध्ये ठेवावा. ओढणी, लांब केस, सैल चपला यांचंही आधीच बघा.

मुलांची तयारी मात्र घरीच करायची. आदल्या रात्री जेवताना सांगून टाका, की एखादी राइड बंद असू शकते. एकाच राइडचं वचन कधीही देऊ नका. ‘आपण पार्कला जातोय’ म्हणा, ‘आपण अमुक राइडला जातोय’ म्हणू नका. आणि एवढं करूनही पोर रडलं तर रडू द्या. त्याला रागवू नका, गप्प करायला महागडं खेळणंही घेऊ नका. ‘हो रे, मलाही वाईट वाटलं’ एवढं म्हणून जवळ घ्या. थोड्या वेळाने तेच विचारतं, आता कुठे जायचं?

घरून निघण्याआधी मुलांची उंचीही मोजा. मोठ्या राइडना उंचीची अट असते. तासभर रांगेत राहून गेटवरच्या पट्टीखाली दोन बोटं कमी भरलेलं पोर बंद राइडपेक्षाही जास्त रडतं. टाचा उचलून त्याला आत घुसवायचा प्रयत्न तर अजिबात करू नका. तो बार त्याच्या अंगाला नीट बसणार नाही, म्हणूनच ती अट आहे.

जाण्याआधी फोन करून विचारा, की कोणती राइड देखभालीसाठी बंद आहे का. जमलं तर शनिवार-रविवार टाळा. मुलांची आवडती राइड सकाळी गेट उघडल्या उघडल्या करून टाका. संध्याकाळसाठी राखून ठेवू नका. सकाळी ती बंद निघाली, तरी पुन्हा बघायला दिवस उरतो.

आता पैशांचं. तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं, की कोणतीही राइड पूर्वसूचना न देता बंद राहू शकते. म्हणून तासभर राइड थांबली यासाठी पैसे परत मागत दिवस घालवू नका. फारसं काही हाती लागणार नाही, आणि दिवस आणखी बिघडेल. पण दिवसभर मुख्य राइड बंदच राहिली, तर बाहेर पडण्याआधी मदत कक्षात जाऊन विचारा. पुन्हा येण्याचा पास द्याल का, दुसऱ्या राइडला रांगेशिवाय सोडाल का? मागितल्यावर देणारे असतात. न मागता मात्र क्वचितच कोणी देतं.

एक गोष्ट वेगळी. राइड आठवडाभर बंद आहे हे त्यांना माहीत होतं, तरी तिचाच फोटो दाखवून, काही न सांगता तुम्हाला तिकीट विकलं. ही फसवणूक झाली, आणि इथे गप्प बसू नका. तिकीट, जाहिरात, बंदची पाटी यांचे फोटो काढून ठेवा. तक्रार आधी पार्ककडे लेखी द्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर फोन करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते. पार्क दुसऱ्या जिल्ह्यात असलं तरी चालतं. रागावायचं असेल तर इथे रागवा. इथे त्याचा उपयोग होतो.

आणि शेवटी जत्रेतल्या आकाशपाळण्याबद्दल, कारण थीम पार्कला न जाणारी घरंही तिथे जातातच. तिथे सेन्सर नसतात, रिकाम्या फेऱ्यांची शिस्त बहुतेकदा नसते. पाळणा थांबला की कोणीतरी हातोडा घेऊन वर चढतो, दोन ठोके मारतो, आणि खालून गर्दी ओरडते, ‘चल रे, लाव!’ त्या ओरडणाऱ्यांत तुम्ही नसावं, एवढी माझी विनंती आहे. दुरुस्तीनंतर पहिल्या फेरीला आपली पोरं बसवू नका. पाळण्याचे पाय सपाट जमिनीवर आहेत का, की विटा-फळकुटांवर टेकवलेत, ते बघा. एकीकडे माणसं भरलेली आणि दुसरीकडे पाळणे रिकामे, असं फिरवत असतील तर लांब राहा. काही खटकलं तर यात्रा समितीच्या माणसाला तिथल्या तिथे गाठून सांगा. गावातल्या गावात संकोच करू नका.

पाळणेवाल्याला आधी चार फेऱ्या रिकाम्या मारायला सांगा. तो नाही म्हणाला, तर पोरांचा हात धरा आणि भेळेच्या गाडीकडे वळा.