काढलेली गाठ फेकू नका



भाताचा गाभा सुकला की आपण खोड उभे चिरून पाहतो. आत अळी दिसली तर खोडकिडा, नाही तर कारण दुसरे. नुसता वरचा रंग पाहून औषध मारणारा फसतो. आज हीच गोष्ट मुलांच्या दुखण्याविषयी सांगायची आहे.

गेल्या वर्षी ऐन आवणीत बोईसरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. पोर आठ-दहा दिवसांत हिंडूफिरू लागली. "तपासणीचा कागद नंतर घेऊन जा," असे सांगितले होते. पण आवणी टाकून कोण जाणार? भात झोडून झाल्यावर तो कागद आणला गेला आणि वाचायला माझ्याकडे आला. अपेंडिक्सच्या टोकाला बारीक गाठ सापडली होती, आणि ती कर्करोगाच्या जातीची! दुसऱ्याच दिवशी बापलेकीला पहिल्या गाडीने परळला धाडले. गाठ लहान होती, अपेंडिक्सबरोबर पुरती निघाली होती. पुढे काही करावे लागले नाही. पण गाठ दुसऱ्या जातीची असती, तर वाया गेलेले ते चार महिने जिवावर बेतले असते.

मुलांचा कर्करोग विरळा, म्हणून तो चटकन मनात येत नाही. मानेतली गाठ क्षयाची वाटते, कधी ती लसिकाग्रंथीचा कर्करोग निघते. दोन्ही वरून सारख्याच दिसतात. म्हणून काढलेला भाग फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून केसाहूनही कितीतरी पातळ काप घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तसाच कोरडा राहिला तर तो नासतो आणि तपासणी नीट होत नाही.

परळचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या तपासणीच्या शास्त्राचा पाया घातला. आपली तारापूरची अणुवीज ज्या अणुऊर्जा विभागाची, त्याच विभागाकडे १९६२ पासून हे रुग्णालय आहे. तेव्हा ते परके समजू नका. वेळेवर कळले तर मुलांचे कितीतरी कर्करोग बरे होतात. श्रीमंत देशांत शंभरांतली ऐंशीहून अधिक मुले वाचतात.

एवढे लक्षात ठेवा :

१. मुलाची गाठ, अपेंडिक्स, काहीही काढले, तर "तपासायला पाठवलेत का?" असे डॉक्टरांना जरूर विचारा. विचारण्यात अपमान नाही.

२. कागद कधी मिळणार ती तारीख लिहून घ्या. शेतीची कामे असली तरी घरातले एक माणूस पाठवाच.

३. कागद डॉक्टरांकडून समजावून घ्या. बहुतेक वेळा काही वावगे नसते. उगाच घाबरू नका.

४. मोठ्या रुग्णालयात जावे लागले तर तपासणीच्या काचा आणि मेणाची वडी मागून सोबत न्या.

५. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. शिधापत्रिका जवळ असू द्या.

माती परीक्षणाचा कागद आपण पेटीत जपून ठेवतो. पोराच्या कागदाला निदान तेवढा तरी मान द्या. आवणी चार दिवस मागेपुढे झाली तरी पीक हाती येते.