बाळाचे केस पांढरे, डोळे थरथरतात? डॉक्टरांनी पुढे कधी पाठवायचं?

केस, पापण्या, भुवया सगळंच पांढरं असलेलं बाळ घरात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: 'कोड आहे का?' तर नाही. कोडात असलेला रंग नंतर, डागाडागांनी जातो. अल्बिनिझममध्ये मेलॅनिन हे रंगद्रव्य जन्मापासूनच कमी असतं किंवा नसतंच. हा संसर्ग नाही, आणि आईनं ग्रहण पाळलं नाही म्हणूनही होत नाही.

मात्र सगळ्यांचं लक्ष कातडीवर राहतं, आणि खरी अडचण असते डोळ्यांत. मेलॅनिनअभावी पडद्याचा मध्यभाग नीट घडत नाही. दोन-तीन महिन्यांच्या वयात बाळाचे डोळे थरथरू लागतात, उजेडात ते मिटून घेतं, तिरळेपणा दिसतो. जठारपेठेतल्या फॅमिली डॉक्टरांनी 'मोठं झालं की बघू' न म्हणता तेव्हाच नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यायला हवी. अकोल्यात त्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय आहेच. रंग सावळा असला तरी थरथर दुर्लक्षू नये. फक्त डोळ्यांपुरता अल्बिनिझमही असतो, बहुतेक मुलग्यांमध्ये. शिवाय थरथरीमागे दुसरं कारणही असू शकतं.

चष्म्यानं नजर पूर्ण सुधारत नाही, पण पहिला बाक, मोठी अक्षरं आणि भिंग यांनी शाळा जमते. बुद्धीला काहीच झालेलं नसतं. तरी फळा न दिसणारं मूल मागच्या बाकावर 'ढ' ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडी आणि शाळांत येतात, तेव्हा हे आवर्जून दाखवावं.

घाई कुठे करायची? अंगावर सहज काळेनिळे डाग, वारंवार घोळणा फुटणं, दात काढल्यावर न थांबणारं रक्त हे हर्मान्स्की-पुडलाक सिंड्रोमचं लक्षण असू शकतं. यात प्लेटलेट्सची संख्या नॉर्मल येते, बिघाड त्यांच्या कामात असतो. त्यामुळे साध्या रिपोर्टवर निश्चिंत न होता रक्तविकारतज्ज्ञ गाठावा. अ‍ॅस्पिरिन मनानं देऊ नये. सतत जंतुसंसर्ग होत असेल तरी तेच.

अकोल्याच्या उन्हात दुपट्टा, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन पहिल्या वर्षापासून, थंडीतही. त्वचारोगतज्ज्ञाकडे वर्षातून एकदा. न भरणारी जखम दिसली तर लगेच.

आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आलं असेल, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के. नात्यात लग्न झालेल्यांनी जनुकीय सल्ला आधीच घ्यावा. नजर फारच कमी असेल तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकतं. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे आणि तपासणी नेत्रतज्ज्ञच करतात.