घरच्यांना आधी कळू दे

दिवाळीची सुट्टी लागतेय. परीक्षा संपल्या किंवा संपत आल्या, एसटीचं रिझर्व्हेशन झालं, मेसच्या काकूंना खाडे सांगून झाले. बॅगा भरायला सुरुवात झाली असेल. तुमच्यातले काही जण या बॅगेत कपड्यांबरोबर आणखी एक गोष्ट भरतात. घरी गेल्यावर घालायचा जुना चेहरा.

म्हणजे कसं? हॉस्टेलवर कधी देवाचं नाव न घेणारा पोरगा घरी लक्ष्मीपूजनाला सगळ्यात पुढे बसतो, कारण 'मोठ्या मुलानेच बसायचं' असं ठरलेलं आहे. नमाजवरचा विश्वास उडालेली मुलगी ईदला घरी गेली की अब्बूंच्या नजरेला पडेल अशा बेताने मुसल्ला अंथरते. वसईचा एखादा मित्र दर रविवारी आईला फोनवर "मिसाला जाऊन आलो" असं सांगतो आणि खरं म्हणजे तेव्हा तो अंथरुणात असतो. आणि उलटंही असतं बरं का! वडील कट्टर नास्तिक, घरात देव्हारा नाही, आणि लेक मात्र गेले वर्षभर रोज पहाटे उठून ध्यान करते, पोथी वाचते. तिने ती पोथी अकाउंटन्सीच्या पुस्तकाखाली लपवलेली असते. श्रद्धा गेलेली असो की नव्याने आलेली, लपवण्याची तऱ्हा एकच.

आजचं हे लिखाण या सगळ्यांसाठी आहे. आणि सल्ला देण्याआधी माझी स्वतःची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तो सल्ला फुकटचा ठरेल.

माझं घर माळकऱ्यांचं. सातारा जिल्ह्यातलं लहान गाव, घरात रोज हरिपाठ, आणि आबांची आषाढीची पायी वारी कधी चुकलेली नाही. सातवीत असताना माझ्या गळ्यात तुळशीची माळ आली आणि तेव्हा ती मला मनापासून आवडायची. मग कॉलेजसाठी पुण्याला आलो. वाचत गेलो, रात्र रात्र मित्रांशी वाद घालत गेलो. दुसऱ्या वर्षाला कधीतरी लक्षात आलं की झोपताना आपण ज्याचं नाव घेतो, त्याच्यावर आपला विश्वासच उरलेला नाही. कुणी फूस लावली नव्हती, कुणाच्या नादाला लागलो नव्हतो. ते आतल्या आत, हळूहळू झालं होतं.

माळ काढली आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवली. गावी जाताना स्वारगेटला गाडीत बसलो की घालायची. परत येताना खंबाटकीचा बोगदा आला की काढायची. तीन वर्षं हे चाललं.

मग जे व्हायचं तेच झालं. गावातल्याच एका पोराने मला पुण्यात अंडाकरी खाताना पाहिलं, गळा मोकळा. गोष्ट पारावर पोहोचली आणि पारावरून आबांकडे. पुढच्या खेपेला मी नेहमीप्रमाणे माळ घालून घरी गेलो. आबा माझ्या गळ्याकडे बघत राहिले. बोलले काहीच नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर अंगणात एवढंच म्हणाले, "माळ काढलीस ते तुझ्या मनाचं झालं. पण ती घालून माझ्या पंगतीला बसलास, ते कुणासाठी रे?"

मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं. ते माझ्यासाठी होतं. मला भांडण नको होतं, फीचे पैसे वेळेवर हवे होते, आईच्या हातची भाकरी शांतपणे खायची होती. आणि या सगळ्याला मी 'त्यांना दुखवायचं नव्हतं' असं छान नाव दिलं होतं.

मित्रमैत्रिणींनो, आपलं गणित इथेच चुकतं. आपल्याला वाटतं, घरच्यांना आपल्या बदललेल्या श्रद्धेचं दुःख होईल. होतंच, नाही असं नाही. पण त्याहून मोठं दुःख असतं ते सगळ्यात शेवटी कळण्याचं. पारावरच्या माणसाला माहीत, आत्तेभावाला माहीत, इन्स्टाच्या क्लोज फ्रेंड्समधल्या साठ जणांना माहीत, आणि ज्यांनी वाढवलं त्यांना माहीत नाही. आबा देवाच्या बाजूने माझ्याशी भांडले असते तर मी शंभर मुद्दे मांडले असते. 'मला का नाही सांगितलंस' यावर कुठला मुद्दा मांडणार?

आपल्याकडे हे आज पहिल्यांदा घडतंय असंही नाही. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या. पुढची काही वर्षं दोघांचे संसार वेगळे झाले. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये ते दिवस लिहून ठेवलेत. इतक्या दुःखातही त्या हसवतात, हे त्या पुस्तकाचं मोठेपण. नसेल वाचलं तर या सुट्टीत वाचा. नवऱ्याच्या सद्हेतूबद्दल शंका न घेताही, मागे राहिलेल्या माणसाचं काय होतं ते त्यात दिसतं. पुढे लक्ष्मीबाई स्वतःही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळेला. धर्मानंद कोसंबींनीही बौद्ध धर्माच्या ओढीने 1899 साली गोव्यातलं घर सोडलं, तेव्हा मागे पत्नी होती आणि लहान मुलगी. या माणसांचा शोध खरा होता. पण त्याची किंमत घरच्यांनीही मोजली, हे विसरून चालणार नाही.

याच्या शेजारी एक वेगळं उदाहरण ठेवून बघा. डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही. प्रत्यक्ष दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरला. मध्ये 21 वर्षं गेली. हा लाखो लोकांच्या मुक्तीचा प्रश्न होता. आपल्या घरगुती पेचाची त्याच्याशी बरोबरी नाही. पण एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी सांगितलं आधी, केलं नंतर. मधल्या काळात अभ्यास केला, आणि आपल्या माणसांनाही विचार करायला वेळ दिला.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "सगळं बरोबर आहे, पण सांगायचं कसं?"

आधी स्वतःशी स्पष्ट व्हा. नक्की काय बदललंय? देवावरचा विश्वास गेलाय, की फक्त एखादं कर्मकांड खटकतंय? दुसऱ्या धर्माची ओढ वाटतेय, की त्या धर्माच्या एका व्यक्तीची? सेमिस्टरभराचा राग आहे, की दोन वर्षं टिकलेला विचार? हे तुम्हालाच माहीत नसेल, तर आईला काय सांगणार? "मी अजून शोधतोय," हेसुद्धा खरं उत्तर आहे. ते द्यायला लाजू नका.

वेळ नीट निवडा. आरती चालू असताना, पाहुणे बसलेले असताना, बहिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी नको. फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकून तर अजिबात नको. तिथे काका-मामांच्या समोर आई-बाबांना तुमची बाजू घेणं अवघड होऊन बसतं. आईबरोबर भाजी निवडताना, बाबांबरोबर गाडीवरून शेतावर जाताना, अशा वेळी माणसं एकमेकांकडे न बघता खरं बोलू शकतात. आधी एकालाच सांगा. कुणाला, ते तुम्हाला बरोबर माहीत असतं. बऱ्याच घरांत ती आजी असते, आणि ती आपल्याला वाटते त्यापेक्षा पक्की निघते.

बोलताना स्वतःबद्दल बोला. "माझा विश्वास राहिला नाही," हे एक वाक्य. "तुम्ही सगळे अंधश्रद्धाळू आहात," हे दुसरं. पहिल्यात तुमची कबुली आहे, दुसऱ्यात त्यांच्यावरचा आरोप. हॉस्टेलच्या वादात जिंकायची सवय लागलेली असते, पण इथे जिंकून काय करणार? ज्या श्रद्धेच्या आधारावर आईने वाईट दिवस काढले, ती तुम्हाला पटत नसेल. पण ती आईची आहे. तुमच्या मताला मान हवा असेल तर तिच्याही मताला द्यावा लागेल.

आणि त्यांचे प्रश्न ऐका. ते बहुतेक देवाबद्दल नसतातच. "लोक काय म्हणतील?" "तुझं लग्न कसं जमणार?" "आम्ही गेल्यावर आमचं कोण करणार?" शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्यामागे 'तू आमचा राहशील ना?' हा प्रश्न असतो. त्याला हो म्हणा, आणि नुसतं तोंडाने नको. काय करेन आणि काय करणार नाही, ते नीट सांगा. "पूजेला बसणार नाही, पण फराळ करायला, आकाशकंदील लावायला, पाहुण्यांना वाढायला मी आहे." एवढ्याने घरातला अर्धा ताण उतरतो.

आता थोडं कायद्याचं, कारण त्याबद्दल गैरसमज फार. राज्यघटनेचं कलम 25 सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं. कुठलाच धर्म न मानण्याचा हक्कही त्यात येतो. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. 2011 च्या जनगणनेत सुमारे 28 लाख 67 हजार लोकांची नोंद 'धर्म सांगितला नाही' अशी झाली. म्हणजे तुम्ही काही जगावेगळे नाही. मात्र मन बदलणं वेगळं आणि कागद बदलणं वेगळं. अनुसूचित जातीचा दाखला सध्याच्या नियमानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मीयांपुरताच आहे. स्कॉलरशिप, प्रवेश, नोकरी हे सगळं त्याला जोडलेलं असेल, तर जाणकाराला विचारल्याशिवाय कुठल्याही अर्जावर सही करू नका. आणि कुणी "आत्ताच्या आत्ता ठरव, घरी सांगू नकोस," अशी घाई करत असेल, मग तो कुठल्याही धर्माचा असो, तर तिथून दोन पावलं मागे या. जी गोष्ट घरापासून लपवायला लावते, तिची तपासणी जास्त कडक करायला हवी.

एक मोठा अपवाद सांगितल्याशिवाय हे संपवता येणार नाही. सगळी घरं सारखी नसतात. काही घरांत खरं बोलल्यावर मार पडतो, शिक्षण बंद होतं, मुलीला स्थळं बघायला सुरुवात होते. आपण समलिंगी आहोत किंवा ट्रान्स आहोत, हे सांगू पाहणाऱ्यांना हा धोका अनेकदा जास्तच असतो. तुमचं घर असं असेल तर थांबा. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. स्वतःच्या पायावर उभे राहा, विश्वासाचं एक माणूस जोडा, एखादी शिक्षिका, मामी, मित्राची आई, आणि मग बघा. मन फारच जड झालं तर टेली-मानसचा 14416 हा मोफत नंबर आहे. जिवाला धोका वाटला तर 112. प्रामाणिकपणा हे व्रत नाही, की जीव गेला तरी पाळायचंच. सुरक्षित राहिलात तर सांगायला पुढे आयुष्य पडलंय.

पण बहुतेकांची घरं अशी नसतात. तिथे धोका नसतो, फक्त अवघडलेपण असतं. आणि आपण दोन्हीची गल्लत करतो. मी तीन वर्षं आबांना घाबरत होतो, आणि आबा अंगणात बसून फक्त एक प्रश्न विचारणार होते.

हे पान तुमच्या आधी आई-बाबांच्या हातात पडलं असेल, तर काका-काकू, दोन शब्द तुमच्यासाठीही. पोरगं खरं सांगायला आलंय, म्हणजे ते तुमच्यापासून तुटलेलं नाही. तुटलेली मुलं सांगत बसत नाहीत. लगेच पटलं पाहिजे असं काही नाही. "आत्ता मला हे पचत नाहीये, पण जेवायला चल," एवढं म्हटलंत तरी पुष्कळ.

आमच्याकडे पुढे काय झालं? आबा सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. आई मध्ये पडली नाही, फक्त फोन त्यांच्याकडे देत राहिली. त्या वर्षी आषाढीला मी सुट्टी काढून घरी गेलो आणि आबांची पिशवी घेऊन दिंडी थांबली होती तिथपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो. माळ दप्तरात नव्हती. ती मी त्यांनाच परत दिली होती. निघताना ते म्हणाले, "पुढच्या वर्षीबी यील का सोडायला?" मी हो म्हणालो. तेव्हापासून दर वर्षी जातो. विश्वास अजून आलेला नाही. पण त्या रस्त्यावर आम्ही जेवढं खरं बोलतो, तेवढं आधी कधी बोललो नव्हतो.

तर बॅग भरताय ना? तो जुना चेहरा या वेळी हॉस्टेलवरच ठेवून बघा. दिवाळीच्या शुभेच्छा!