सिंधुदुर्गाभोवतीची प्रवाळे आणि मच्छीमारांचा हक्क

प्रति,
मा. अपर प्रधान मुख्य वनसंरक्षक,
कांदळवन कक्ष, मुंबई

विषय : मालवण सागरी अभयारण्याचे लोकसहभागातून संरक्षण होण्याबाबत.

महोदय,

मालवणचे सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यातला गाभा जेमतेम ३.१८. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासच्या या उथळ पाण्यात प्रवाळे आहेत. त्यांच्या कपारींत माशांची पिल्ले वाढतात आणि त्याच पाण्याच्या आधाराने रापण व गिलनेटवाल्यांच्या चुली पेटतात.

अभयारण्य झाले, तेव्हापासून दांडी ते तारकर्लीपर्यंतच्या मच्छीमारांच्या मनात एकच भीती आहे : उद्या आपल्याच समुद्रात आपल्याला बंदी होईल. ही भीती खोटी म्हणून उडवून लावता येणार नाही. सागरी अभयारण्य करताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपावे, असे वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २६-अ स्वतःच सांगते. म्हणून हक्कांचा निर्णय लेखी, मराठीत आणि गावागावांत वाचून दाखवून व्हावा, ही किनाऱ्याची पहिली मागणी आहे.

दुसरी मागणी प्रवाळांची. हंगामात स्नॉर्केलिंगच्या होड्या किल्ल्यामागे उभ्या राहतात आणि नांगर थेट खडकावर पडतो. काही प्रवाळे वर्षाला सेंटीमीटरभर वाढतात. एका नांगराने अनेक वर्षांची वाढ मोडते. हे होडीवाल्यालाही नको आहे, कारण पर्यटक येतात ते प्रवाळ बघायला. तिथे होड्या बांधण्यासाठी कायमचे बोये बसवावेत, गाभा क्षेत्राची हद्द पाण्यावर दिसेल अशी आखावी आणि जलक्रीडेचा परवाना देतानाच नांगरबंदीची अट घालावी. हे परवाने देणाऱ्या मेरीटाईम बोर्डाला विश्वासात घेतल्याशिवाय हे होणार नाही.

राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर निर्बंध घातले, त्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी केली. लहान मच्छीमारांनी या दोन्हींचे स्वागत केले. संरक्षणाला त्यांचा विरोध नाही. पकड मात्र मोठ्या बोटींवर बसावी, पात वल्हवणाऱ्यावर नको.

कलम ३३-ब नुसार सल्लागार समिती नेमताना तिच्यात रापणकर, मासे विकणाऱ्या महिला आणि होडीवाले असावेत. पावसाळ्यानंतर पर्यटन हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण स्वतः मालवणला येऊन त्यांची बैठक घ्यावी, ही विनंती.

आपले,
मालवण किनाऱ्यावरील मच्छीमार व नागरिक